मथुराचा हात आम्ही सोडला नाही

माझी मावसबहीण मथुरा हिचा जीव घेतला गेला. माघातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारचे चार वाजायला आले असताना, भोसरी मागे पडून दिघीचे माळ डाव्या हाताला दिसू लागले त्या जागी, कांद्याच्या ट्रकमध्ये, पोत्यांवर अंथरलेल्या गोधडीवर ती गेली. पहिलं बाळंतपण, आठवा दिवस. ‘देवाज्ञा झाली’ असं तिच्या सासरहून सगळ्यांना कळवण्यात आलं. मी ते मानत नाही. देवाने कसलीही आज्ञा केलेली नव्हती. ताप आला होता. तापावर औषध होतं. औषधाकडे जाणारा रस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर होता. त्या रस्त्यापर्यंत तिला जाऊ दिलं नाही. कुणी जाऊ दिलं नाही, ते मी इथे नावं घेऊन सांगणार आहे, आणि त्यांतलं एक नाव माझं आहे.

सोमवारी सकाळी मी चिंचवडला छापखान्यात खिळे जुळवत होते. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना उभा राहतोय, त्याच्या बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी निदान एक छप्पर तरी घाला, अशी मागणी करणारं पत्रक होतं. बाबूभाई दारात येऊन उभा राहिला. चाकणच्या बाजारातून पुण्याला कांदा नेणारा हा ट्रकवाला मथुराच्या शेजारचा, भिंतीला भिंत लागून. एरवी तो आला की आधी चहा मागायचा. त्या दिवशी टोपी हातात घेऊन म्हणाला, “शालूताई, मथुराभाभीला आसरांनी धरलंय म्हणतात. आमची अमिना म्हणते, आसराबिसरा काय नाय, बुखार आहे. कोणी ऐकत नाय तिचं. तुमचं ऐकतील. चला.” तुमचं ऐकतील... हे त्याने किती भरवशाने म्हटलं होतं!

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. साती आसरा म्हणजे डोहात राहणाऱ्या सात बाया. काठावर शेंदूर फासलेले सात दगड असतात. हिरवा खण, हिरव्या बांगड्या, दहीभात वाहतात. तरणी पोर आणि ओली बाळंतीण त्यांना आवडते, ती त्या उचलून नेतात. देह घरातच राहतो, बाई जाते, असं म्हणतात. मोशीच्या पुढे चाकणच्या वाटेवर इंद्रायणीला असा एक डोह आहे आणि त्याच्या काठी मथुराच्या सासरची वस्ती आहे. मथुराचा जन्म अशाच दुसऱ्या एका डोहाच्या काठचा. ती नऊ वर्षांची असताना तिची आई, म्हणजे माझी थोरली मावशी, बाराव्या दिवशी गेली. आसरांनी नेली म्हणून गावाने ओटी भरली आणि सगळे आपापल्या घरी गेले. मथुरा मोठी झाल्यावरही एकच गोष्ट बोलायची, “कुनी मागं गेलंच न्हाई गं शाले. येकानं बी हाक मारली न्हाई.”

त्यानंतर माझ्या आईने तिला खडकीला आमच्या घरी आणलं. थोडी मोठी झाल्यावर ती एका म्हाताऱ्या मडमेच्या बंगल्यावर वरकामाला लागली. मडम स्कॉटलंडची, नवरा इथेच पुरलेला. सगळे तिला इंग्रज म्हणायचे आणि ती दर वेळी काठी आपटून सांगायची, “इंग्रज नहीं! स्कॉट!” धोब्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ते पाठ झालं होतं. दुपारी ही बाई मोजे रफू करताना तिच्या देशाची जुनी गाणी म्हणायची आणि मग आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत मथुराला अर्थ सांगायची. त्या गाण्यांत पऱ्या होत्या. पण त्या कॅलेंडरवरच्या पंखवाल्या, चिमुकल्या पऱ्या नव्हत्या. उंचनिंच माणसं, हिरव्या पोशाखातली, घोड्यांवर बसणारी. टेकडीच्या पोटात त्यांचं राज्य. त्यांचं नाव उच्चारायचं नाही. मडम ओठांवर बोट ठेवून सांगायची, “नाम नहीं लेना, मथुरा. भले लोग बोलना.” मथुरा घरी येऊन हसत सुटायची, “आपन बी आसरांचं नाव घेत न्हाई, बाया म्हनतो. येवढं समिंदर वलांडून ग्येलं तरी भ्याव सारखंच!” तिथे गेलेल्या माणसाने तिथलं काही खाल्लं की त्याला परत येता येत नाही, हे मडमेने सांगितलं तेव्हा मथुरा म्हणाली होती, “मंग सासरच की ते, मडमबाई.” मडमेला काही तो विनोद कळला नाही. संक्रांतीला मथुरा हिरवा चुडा भरून कामावर गेली तर मडम दचकली आणि म्हणाली, हा त्यांचा रंग आहे, काढ. मथुराने काढला नाही. “आमच्यात सवाशिणीचा हाय,” म्हणाली.

त्या गाण्यांतलं एक तिच्या काळजात रुतलं होतं. त्यात एका नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला टेकडीतले लोक आपल्या लेकराला पाजायला उचलून नेतात. वर्षातून एकदा त्यांची मिरवणूक वाटेने जाते. तिचा नवरा वाटेवर दबा धरून बसतो आणि तिला घोड्यावरून खाली ओढतो. तिला पकडून ठेवलं तर ती सुटेल. पण ती निखाऱ्यासारखी तापते, मग बर्फासारखी गार पडते, मग विनवण्या करू लागते... आणि नवरा हात सोडतो. मिरवणूक निघून जाते. गाणं तिथेच संपतं. मडम म्हणायची की तिच्या आजीच्या तोंडूनही ते तिथेच संपायचं. मथुरा ऐकताना दर वेळी रडायची आणि दर वेळी पुन्हा म्हणायला लावायची. तिच्या आईच्या मागे कुणीतरी वाटेवर जाऊन बसलं होतं, असं त्या गाण्यापुरतं तरी तिला वाटत असावं.

स्वराज्य आलं, मडम तिच्या देशाला गेली, मथुराचं लग्न किसनदाजींशी झालं. सासरी पहाटे जात्यावर बसली की ती हीच गाणी ओवीत घालून म्हणायची. टेकडीचा डोह झाला. टेकडीची राणी थोरली आसरा झाली. नवरा चाकणला कांद्याची गाडी घेऊन गेला असताना बायको नाहीशी होते, असं तिने केलं. घोडे मात्र तिने तसेच ठेवले. कुणी विचारलं की पाण्यात घोडे कसे गं, तर म्हणायची, “देवाला कशाला पुसता, तुमाला आवडत्यात का न्हाई त्ये सांगा.” वस्तीतल्या बायका आपलं दळण घेऊन तिच्या जात्यावर यायच्या. तिची सासू आत्याबाई, जी माणसांत कधी हसलेली कुणी पाहिली नव्हती, तीही खुंट्याला हात लावून साथीला बसायची. सासू-सुनेचं असं मेतकूट मी दुसरं पाहिलेलं नाही.

इथे मी आले. पत्रकं लिहून लिहून माझी अशी समजूत झाली होती की, ज्याचा उपयोग नाही ते लिहायचंच कशाला? मी मथुराला म्हटलं, हे छापू या. पण शेवट बदल. नवरा हात सोडतो, हा कसला शेवट? बायकांना काय सांगतेस, की मरा? नवऱ्याच्या जागी वस्तीतल्या बायका घाल. सगळ्या मिळून तिला धरतात, सात दिवस सोडत नाहीत आणि ती परत येते. एकी! मथुरा जात्यावरचं पीठ फडक्याने गोळा करत होती. मग म्हणाली, “शाले, त्या गान्यात ती येत न्हाई.”

“आपल्यात येईल,” मी म्हटलं.

“तिला नेलीच की त्यांनी. आपन म्हनून कशी यील?”

“तुझ्या आईला कुणी धरलं असतं तर?”

हे मी मुद्दाम बोलले. मला माहीत होतं, त्यावर ती नाही म्हणू शकणार नाही. तिने ओवी रचली, मी ती दुरुस्त केली, ‘डोहातली बाळंतीण’ नावाची पुस्तिका आम्ही छापली आणि चाकणच्या बाजारात बायकांनी ती हातोहात नेली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी वाचणारीकडून पाठ करून घेतली. शेवटचं कडवं हे:

*निखारा व्हईल हात, सोडू नका गं बायांनो,*
*डोहावानी पडंल गार, सोडू नका गं बायांनो,*
*‘न्या मला’ म्हनून रडंल, ऐकू नका गं बायांनो,*
*सातव्या दिशी आपली व्हईल, सोडू नका गं बायांनो.*

यातली तिसरी ओळ माझी आहे. मथुराची ओळ मला मऊ वाटली होती.

आता सोमवार. बाबूभाईने मला वस्तीच्या तोंडाशी उतरवलं. दारात आत्याबाई होत्या. डोळे खोल गेलेले, ओठांना पापुद्रे आलेले. शुक्रवारी मथुराला थंडी वाजून ताप भरला होता. शनिवारी पाचवीची पूजा झाली आणि त्याच संध्याकाळी ती असंबद्ध बोलू लागली. तेव्हापासून, माझी चाहूल लागून आत्ता दारात येईपर्यंत, या बाईने सुनेचा हात सोडला नव्हता, अन्नाला शिवली नव्हती. मी म्हटलं, “आत्याबाई, हा बाळंतताप आहे. पुण्याला नेऊ. इंजेक्शन असतं यावर.”

आत्याबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “तूच छापलंस न्हवं? मंग असं का बोलतीस? शुक्रवारी निखारा झाली. शनवारी डोहावानी गार पडली. काल सकाळपास्नं ‘न्या मला, दवाखान्यात न्या मला’ म्हनून रडतीया. समदं तसंच झालंया. अजून चार दिस ऱ्हायलं.”

मी म्हटलं, ते गाणं आहे, आत्याबाई, आम्ही दोघींनी रचलेलं. त्या म्हणाल्या, “रचलेलं व्हय? ती रचंल का असं? तिच्या आईचं हाय त्ये.” बाबूभाईची बायको अमिना कोनाड्यापाशी मथुराच्या लेकीला छातीशी धरून बसली होती. ती उठून म्हणाली, “आत्या, मैं बोलते ना कवापासून, ये बुखार है.” तर आतून बायका तिला म्हणाल्या, “तू पोरीला पाज, तुझं उपकार हायती. ह्यात तुला काय कळायचं?”

मी आत गेले. बाजेखाली शेगडी, धुरी, कोंडलेला वास. बाजेभोवती आठ-दहा बायका, आणि त्या गात होत्या. मथुराने मला ओळखलं. “शाले,” म्हणाली, “मला ने.” स्वच्छ शब्दांत. भ्रमात नव्हती. बायका एकमेकींकडे बघून मान हलवू लागल्या, की बघा, आता बहिणीला फूस लावतीया. आत्याबाईंनी तिचा हात उचलून माझ्या हातात दिला. “धर. तुझीच ववी हाय.”

आणि मी तो धरला.

याचं स्पष्टीकरण मी स्वतःला कितीदा मागितलं आहे. माझा आसरांवर विश्वास नाही, कधीच नव्हता. पण मी जुळवलेले शब्द एवढ्या बायका एका सुरात म्हणत होत्या. माझ्या पत्रकांनी कधी चार माणसं एका जागी उभी राहिली नव्हती. खोटं कशाला सांगू, मला क्षणभर अभिमान वाटला. मला वाटलं, थोडं शांत होऊ देत, मग समजावू. ती मला ‘ने’ म्हणत होती आणि मी तासभर तिचा हात धरून बसले होते. हात निखाऱ्यासारखा होता. मग तो हळूहळू गार पडायला लागला, आणि तेव्हा कुठे मी भानावर येऊन ओरडले. पण बायकांनी मला बाहेर काढलं. बिनलग्नाची पोर, बाहेरून आलेली, तिची सावली पडली असं ठरलं. आतून कडी लागली. मी दारावर धडका दिल्या, शिव्या दिल्या, पाया पडले. आतून ओवी चालूच राहिली.

बाबूभाई पिंपरीला जाऊन कारखान्याच्या बांधकामावर मजुरी करणाऱ्या किसनदाजींना घेऊन आला तेव्हा मंगळवारची दुपार झाली होती. कारखान्याच्या चाळीत ते नव्हते, कामावर कुठल्या टोकाला आहेत ते कुणाला माहीत नव्हतं, शोधण्यात वेळ गेला. ते आले ते चुन्याने माखलेल्या अंगानेच. त्यांनी दार खांद्याने फोडलं. आत्याबाई म्हणाल्या, “किसन्या, सोडू नगं रं, तीनच दिस...” ते म्हणाले, “आये, ती मरतीया.” आणि त्यांनी तिला उचललं. आत्याबाईंनी ट्रकपर्यंत तिच्या लुगड्याचा पदर धरून ठेवला होता. तो त्यांच्या मुठीतून मला सोडवावा लागला, एकेक बोट उचलून.

ट्रकमध्ये दाजींनी मला विचारलं, “शालू, वाचंल ना?” मी वाचेल म्हटलं. त्यांनी विचारलं, कुठल्या औषधाने? मी नाव सांगितलं. ते म्हणाले, “आमी बांधतोय त्या कारखान्यात ह्येच व्हनार हाय म्हनत्यात. मुकादम सांगत व्हता.” मथुरा डोळे मिटून होती. मोशीच्या उताराला तिने एकदा विचारलं, “निघालो का?” दाजी म्हणाले, “निघालो गं, निघालो.” ती म्हणाली, “बरं झालं.” त्यानंतर ती काही बोलली नाही. दिघीचे माळ दिसले तेव्हा दाजींनी केबिनच्या मागच्या काचेवर हात मारला आणि बाबूभाईने ट्रक बाजूला घेतला. आता घाई उरली नव्हती.

आत्याबाई अजून जेवत नाहीत. त्यांच्या मते किसनने तीन दिवस आधी हात सोडवला, म्हणून मथुरा परत आली नाही. मी त्यांच्याशी तीनदा वाद घातला. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, “मला येवढंच सांग, म्या तिचा हात धरला, ती चूक झाली का?” ज्या बाईने सुनेसाठी तीन दिवस तोंडात घास घेतला नाही, तिला खुनी कुठल्या तोंडाने म्हणू? पण मथुरा मेली हेही खरं आहे. मायेने मेली, एकीने मेली, मी लिहिलेल्या ओळीने मेली. त्या म्हाताऱ्या मडमेच्या आजीला आणि पणजीला काहीतरी ठाऊक असलं पाहिजे. त्यांनी त्या गाण्याचा शेवट कडू ठेवला आणि पिढ्यान्‌पिढ्या बदलला नाही. त्यांच्याही वस्तीत बाळंतिणी जात असतील आणि माणसं टेकडीकडे बोट दाखवत असतील. गेलेलीसाठी रडायला म्हणून त्यांनी ते गाणं ठेवलं. त्यातून इलाज काढला तो मी. शिकलेली मी. अंधश्रद्धेवर दोन पत्रकं लिहिलेली मी. मथुराला ते कळलं होतं. “त्या गान्यात ती येत न्हाई,” असं तिने मला साध्या शब्दांत सांगितलं होतं, आणि मी तिच्या मेलेल्या आईचं नाव घेऊन तिला गप्प केलं होतं.

मला कुणी क्षमा करावी म्हणून हे लिहिलेलं नाही. ‘फार वाईट झालं’ अशी पत्रंही मला नकोत. त्या पुस्तिका मी बाजारात फिरून परत मागते आहे, पण पाठ झालेलं कुणाकडून परत मागायचं? गेल्या आठवड्यात चाकणच्या बाजारात कांदे निवडणाऱ्या दोन अनोळखी बायका ते कडवं म्हणत होत्या. मी थांबवलं तर एक म्हणाली, “का गं, चांगलं तर हाय!” चांगलं आहे. म्हणूनच ते मारतं.

म्हणून वाचणाऱ्याला सांगते, तुम्ही बाई असा की पुरुष. तुमच्या घरात, शेजारी, तुमच्या आळीत आज कुणीतरी बाळंतीण आहे. हे वाचून संपवू नका. उठा, त्या खोलीत जा, कुणी अडवलं तरी जा. तिच्या कपाळाला हात लावा. कपाळ तापलेलं असेल तर सासूला विचारू नका, नवऱ्याला विचारू नका, भगताला तर नाहीच नाही, आणि गाणं तर कुणालाच म्हणू देऊ नका. तिलाच विचारा, तुला कुठे जायचंय. ती सांगेल तिकडे तिला आत्ताच्या आत्ता घेऊन जा.